काळ्या तिळाची मुटकी

आमच्या गडमुडशिंगीत पितृपंधरवड्याला कुणी पितृपंधरवडा म्हणत नाही. नुसतं 'पक्ष' म्हणतात, आणि पितरांच्या नावानं जेवण घालायचं त्याला 'म्हाळ'. माणूस गेल्यावर पहिल्या वर्षी म्हाळ घालत नाहीत. त्यामुळं आमचे हे ज्या उन्हाळ्यात गेले, त्यानंतरचा पक्ष तसाच कोरडा गेला. दुसऱ्या वर्षी मुलगा फोनवर म्हणाला, "आई, बाबांच्या म्हाळाला मी येतो. हिलाही आणतो."

ही म्हणजे माझी सून. मुलगा इचलकरंजीत कापडधंद्याचं शिकला आणि कंबोडियातल्या एका कपड्यांच्या कारखान्यात नोकरीला लागला. तिथं ती शिलाई तपासायच्या कामावर होती. लग्न तिकडंच झालं, ते आम्ही दोघांनी फोनवर बघितलं. ह्यांनी तिला समोरासमोर कधी पाहिलं नाही. पडद्यावर ती हात जोडायची, हे खाकरून "बरं हाय न्हवं?" विचारायचे, आणि तिला तेवढं एक वाक्य पाठ झालं होतं.

घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिनं तेच विचारलं. "आई, बरं हाय न्हवं?" अगदी ह्यांच्याच ढंगात, शेवटचा शब्द वर ओढून. माझ्या हातातला तांब्या खाली ठेवायला मला वेळ लागला.

अमावास्येला म्हाळ होता. त्याच्या चार दिवस आधीची गोष्ट. संध्याकाळी मी इंद्रायणी तांदूळ निवडत बसले होते. ती शेजारी बसून खडे काढू लागली. हा भात कशाला, असं तिनं खुणेनं विचारलं. मी शिळ्या भाताचा एक गोळा वळून दाखवला, ताटलीत ठेवला, त्यावर चार काळे तीळ घातले आणि भिंतीवरच्या ह्यांच्या फोटोकडं बोट केलं.

ती गोळ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बेन."

"काय?"

"बाय म्हणजे भात. बाय बेन." तिनं तो गोळा उचलून तळव्यावर धरला. "आई, माझा गाव, आत्ता, हेच. सेम दिवस."

मुलगा दारातनं आत आला आणि त्यानं फोड करून सांगितलं. तिच्या देशात हाच पंधरवडा पाळतात, हीच अमावास्या. आपण 'पिंड' म्हणतो, ते 'बेन' म्हणतात. मी आयुष्यभर शाळेत भाषा शिकवली, पण एक शब्द समुद्र ओलांडून जातो, शेकडो वर्षं तिथं राहतो आणि एके दिवशी आपल्याच स्वयंपाकघरात येऊन बसतो, हे मी कधी पाहिलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. आला तो शहारा.

कारण पुढचं ती जे बोलली ते आमच्यात नव्हतं. "खालचा दरवाजा उघडतो," ती म्हणाली. "ते येतात. भूक खूप. पण तोंड इतकं." तिनं चिमटीत सुईच्या नेढ्याएवढी जागा धरली. "उजेड नको त्यांना. म्हणून अंधार. सूर्य नाही, तेव्हा. देवळाभोवती फिरायचं, भात टाकायचा. ते सात देवळं फिरतात. आपल्या माणसाचा भात नाही मिळाला तर..." तिनं तोंडावर हात ठेवला.

"शाप देतात म्हणे," मुलगा हसत म्हणाला. ती हसली नाही.

तिच्या आईच्या वडलांना त्या देशातल्या वाईट काळात कुणीतरी घरातनं नेलं होतं. ते परत आले नाहीत, देहही मिळाला नाही. तिची आई दर वर्षी त्यांच्यासाठी भात टाकायची. यंदा आई आजारी, आणि ही इथं. "मी टाकू का, इथे?" तिनं विचारलं. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. मी 'हो' म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघी निघालो. मुलगा झोपलेला होता. तिनं पांढरा ब्लाऊज आणि पांढरं लुंगीसारखं वस्त्र नेसलं होतं, त्यांच्यात तसंच नेसतात. माझ्या हातात भाताच्या मुटक्यांची पाटी, वर ओलं फडकं. गावाबाहेर उसाच्या कडेला महादेवाचं देऊळ आहे, तिथं गेलो. वाटेत डेअरीला निघालेला एक मोटारसायकलवाला समोरून आला. त्याच्या दिव्याचा झोत तिच्या पांढऱ्या कपड्यांवर पडला मात्र, गाडी एकदम हेलपाटली, कॅन खणखणले आणि तो न थांबता सुसाट निघून गेला.

देवळाजवळ चपला काढल्या. ऊस पुरुषभर उंच होता, वारा नव्हता, तरी आतनं पात्यांची सळसळ येत होती. ती पुढं, मी मागं. ती ओठांत काही पुटपुटत होती आणि अंधारात एकेक मुटकं टाकत होती. मीही टाकू लागले. ह्यांचं नाव घेतलं, सासू-सासऱ्यांचं घेतलं.

तिसऱ्या-चौथ्या मुटक्याला माझ्या लक्षात आलं की खाली पडल्याचा आवाज येत नाही. पावसाळा सरत आलेला, देवळाभोवती चिखल. चिकट भात चिखलात पडला तर चप्प असा काहीतरी आवाज यायला हवा. मी मुद्दाम थांबून एक जोरात टाकलं आणि कान दिला. काहीच नाही. कुणीतरी वरच्यावर झेलावं तसं.

सुनेला विचारावं म्हटलं, पण तिनं ओठांवर बोट ठेवलं. गावातली चार-पाच कुत्री वाटेवर येऊन बसली होती. ती जवळ आली नाहीत. भुंकलीही नाहीत. मान खाली घालून घशातल्या घशात कुंई कुंई करत राहिली.

सकाळी नऊच्या सुमारास गुरव दारात. म्हातारा माणूस, त्या देवळाची पूजाअर्चा बघतो, त्याच्या दोन्ही नाती माझ्या हाताखाली शिकल्या.

"बाई, हाईसा का घरात? देवळाभवतीनं कुणी तरी करणी केल्या. काळं तीळ घातल्याली भाताची मुटकी टाकल्यात. डेअरीचा पोरगा म्हनतुया, पांढऱ्या कापडातली बाई बगितली. त्येला ताप भरलाय."

"मामा, मीच टाकली ती. मी आणि माझ्या सुनेनं."

गुरव माझ्याकडं बघतच राहिला. "तुमी? आवो, शिकलीसवरल्याली मास्तरीण तुमी!"

मी त्याला सगळं सांगितलं. पाट टाकून चहा दिला. त्यानं तो बशीत ओतला, पण प्यायला नाही.

"पितरांचं म्हनताय तर मला काय म्हनायचं न्हाय," तो शेवटी बोलला. "पर बाई, येक सांगू? तितं येक बी कुत्रं तोंड लावंना झालंय. कावळा न्हाई. आवो, मुंगीसुदीक न्हाई की! भात हाय तसा हाय. मी ह्या वयात आसलं बगितलं न्हाई."

"म्हणजे भात आहे तिथंच?"

"हाय की. जितं तुमी टाकला तितं."

म्हणजे पडला होता तर. मग आवाज का आला नाही, ह्याचं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही.

बातमी गावभर झाली. दुपारी शेजारच्या अक्का आल्या. त्या माझ्यापेक्षा वयानं बऱ्याच मोठ्या, लिंगायत, माहेर कर्नाटकात. मला त्या 'तंगी' म्हणतात, म्हणजे धाकटी बहीण. मला वाटलं, त्या रागावणार. त्या उंबऱ्यावरच बसल्या आणि सुनेकडं बघून म्हणाल्या, "तंगी, आमच्यात म्हाळ न्हाई. आमचं मेल्यालं मानूस शिवात मिळतंय, त्येला कशाला भात? पर माज्या पोराला कुनी माती दिली न्हाई. ते कुटं मिळालं आसंल, सांग की."

त्यांचा थोरला शिरोळला मळा कसायचा. महापुरात जनावरं सोडायला गेला तो गेलाच. पाणी उतरल्यावर म्हशी जिवंत सापडल्या, तो नाही. मी हे जाणत होते, सगळं गाव जाणत होतं, पण अक्कांच्या तोंडून त्याच्याबद्दल मी पहिल्यांदाच ऐकलं.

"उद्या मला हाक मार," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या पहाटे आम्ही तिघी गेलो. देवळाभोवती कालचा भात दिसला नाही. गुरवानं झाडून काढला असेल असं मी धरलं. नंतर त्याला विचारलं तेव्हा तो 'न्हाई' म्हणाला, आणि त्या विषयावर पुन्हा बोलला नाही.

सून पुढं, तिच्यामागं मी, माझ्यामागं अक्का, अशा फिरू लागलो. त्या पहाटे धुकं होतं. देवळाचा दिवा धुक्यात पिवळा गोळा होऊन लटकला होता, त्याचा उजेड पायरीपलीकडं पोचत नव्हता. पहिल्या फेरीत माझ्यामागं पावलं ऐकू येत होती. दुसऱ्या फेरीत अक्कांनी माझा पदर धरला. अंधार, चिखल, म्हातारं माणूस. मी पदर थोडा सैल सोडला आणि चाल हळू केली. पदर खाली ओढला जात होता, अगदी गुडघ्याच्या उंचीवरनं. मला वाटलं, अक्का वाकून चालताहेत. मध्येच ओढ सुटायची, मग पुन्हा लागायची. मूल आईच्या मागं चालताना करतं तशी.

मी न वळता म्हणाले, "अक्का, दमला असाल तर थांबू."

उत्तर आलं ते समोरनं. सुनेच्याही पुढनं, देवळाच्या पायरीवरनं. "तंगी, मी हितंच बसल्ये गं. येका फेरीतच गुडघं धरलं. तुमी या फिरून."

मी जागच्या जागी थांबले. पदराची ओढ तशीच होती. मी वळले नाही, वळण्याची माझी हिंमत झाली नाही. हातातलं मुटकं नुसतं खाली सोडलं, तेव्हा ओढ सुटली. सुनेनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मागं, खालच्या बाजूला पाहिलं. पाटीतलं आणखी एक मुटकं तिनं हलकेच तिथं ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं.

घरी आल्यावर न्हाणीच्या उजेडात मी पदर बघितला. टोकाला ओल होती आणि चिमूटभर जागा चुरगळलेली. भाताचं शीत एकही नव्हतं.

सून चुलीशी आली. तिनं विचारलं, "आई, कोण लहान?"

तिला कोण सांगणार होतं? माझ्या मुलालाही माहीत नव्हतं. मी तिला हाताला धरून खाली बसवलं, मुलाला उठवलं आणि तीस-पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ते शब्द तोंडातनं काढले.

त्याच्या आधी मला एक मुलगी झाली होती. माहेरी आई नव्हती म्हणून बाळंतपण सासरीच झालं. पाचवीच्या दिवशी पाटा मांडायचा, सटवाई पुजायची, ती रात्री येऊन बाळाच्या कपाळावर लिहिते म्हणतात. सासूबाईंनी पूजेचं सगळं आणून ठेवलं होतं. त्या दिवशी सकाळीच बाळ गेलं. कपाळ कोरंच राहिलं, नावही ठेवलेलं नव्हतं. ह्यांनी तिला दुपट्यात गुंडाळून नेलं आणि दिवेलागणीला रिकाम्या हातानं परत आले. सासूबाई म्हणाल्या, "आता त्या गोष्टीचा उच्चार करायचा न्हाई. पुढचं बघायचं." इतक्या लहान जिवाला दहावा नाही, तेरावा नाही, म्हाळ नाही. कुठं ठेवली, हे मी ह्यांना विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. आणि आता हे नव्हते.

मुलगा माझ्याजवळ सरकून बसला. मग म्हणाला, "कुणाला तरी माहीत असेल. काकाला विचारूया."

माझे धाकटे दीर शाहूवाडीकडं असतात, सासुरवाडीची भातशेती बघतात. त्याच दिवशी मुलानं गाडी काढली. आम्ही पोचलो तेव्हा भावजी बांधावर उभे होते, भात पोटऱ्यात आलेलं. आम्हाला अचानक बघून ते घाबरले. मी आडपडदा न ठेवता विचारलं.

"वैनी," ते म्हणाले, "मला वाटलं तुमास्नी ठावं हाय."

"काय ठावं?"

"दादा दर वर्षाला जायाचा की तितं. पक्षात. पाटंचं धार काढून डेअरीला निघाला की आदी तिकडं. मी तवा गावातच ऱ्हायाला. येकदा मागनं गेलतो. आपला वड्याकडंचा तुकडा न्हवता का, त्याच्या बांधाला."

तो तुकडा विमानतळाची धावपट्टी वाढवायला गेला होता. आता तिथं उंच भिंत आहे, वर काटेरी तारा.

"भिंत झाल्यावर?"

"भिंत झाल्यावर बी. खाली पावसाचं पानी भाईर जायाला भोकं ठेवल्यात बगा भिंतीला. तितं बसायचा आन् भोकातनं आत दूद ओतायचा. लोटाभर. म्हनायचा, तिला भात कुटं खाता येतोय. वैनी, शपत सांगतो, त्यो तुमाला सांगत नसंल हे माज्या मनातबी आलं न्हाई."

मी बांधावर बसले. मला एकेक आठवू लागलं. पक्षाच्या दिवसांत ह्यांना डेअरीतनं यायला उशीर व्हायचा. मी विचारलं की म्हणायचे, "गर्दी होती." घरात दूध त्या दिवसांत थोडं कमी यायचं, मला वाटायचं म्हशी पावसानं आटल्या. संसारभर आम्ही एकाच घरात, एकाच ताटाशेजारी जेवलो, आणि हा माणूस दर वर्षी पहाटे आपल्या लेकीला दूध पाजून यायचा, मला न सांगता. मला वाईट वाटू नये म्हणून की त्याला माझ्यासमोर रडता येत नव्हतं म्हणून, कुणास ठाऊक. राग आला, आणि त्या रागातच रडूही आलं. सून माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली. तिला भावजींचं बोलणं कळलं नव्हतं.

परतताना गाडीत मुलगा म्हणाला, "म्हणजे गेल्या वर्षी कुणीच गेलं नाही."

अमावास्येच्या पहाटे आम्ही तिघं भिंतीकडं गेलो. ह्यांचाच पितळी लोटा घेतला होता, नुकत्याच काढलेल्या धारेचं दूध, अजून कोमट. मुलानं गाडी लांब उभी केली. भिंतीलगत पायवाट आहे, गुडघाभर गवत. आतल्या बाजूला कुठंतरी दूर एक लाल दिवा लागत-विझत होता. तो विझला की भिंत दिसेनाशी व्हायची, लागला की एकदम जवळ आल्यासारखी वाटायची.

भोकं बरीच होती. त्यातलं कुठलं, हा प्रश्न पडला. सूनच पुढं गेली, गवत बाजूला करत. एका ठिकाणी थांबली. तिथल्या भोकाच्या खालच्या कडेवर पांढरट पापुद्रा धरला होता, वर्षानुवर्षं काहीतरी सांडून वाळल्यासारखा. बाकीची भोकं काळी होती.

मी खाली बसले. आतनं गारवा येत होता, ओल्या मातीच्या वासाचा. मी लोटा तिरका केला. दूध भोकात गेलं आणि आत कुठंही वाहिल्याचा आवाज आला नाही.

"मी ओतू?" मुलगा म्हणाला. ज्या मुलाला मी परवापर्यंत ह्यातलं काही सांगितलं नव्हतं, जो शापाला हसला होता, तो चिखलात गुडघे टेकून बसला. लोटा हातात घेऊन त्यानं विचारलं, "आई, हाक काय मारू? नावच नाही तिला."

सून रोज सांगत होती, भात टाकताना नाव घ्यायचं, म्हणजे त्यांना कळतं. त्या दोन दिवसांत मी मनातल्या मनात कितीतरी नावं ठेवून बघितली होती. एकही लागू पडत नव्हतं. पाच दिवसांच्या बाळाला आता पस्तिशीच्या बाईचं नाव द्यायचं की बाळाचं, हेच मला कळत नव्हतं.

"तू तिच्या पाठचा," मी म्हणाले. "ताई म्हण."

तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "ताई." मग घसा साफ करून पुन्हा, मोठ्यानं, "ताई, दूध आणलंय."

लाल दिवा विझला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ विझलेलाच राहिला, निदान मला तसं वाटलं. भिंतीपलीकडच्या गवतात सळसळ झाली. वारा नव्हता. सळसळ झाली ती एकाच जागी, आणि आमच्याकडं सरकत आली, आणि थांबली. सुनेनं माझा दंड घट्ट पकडला. मुलानं दूध ओतायला सुरुवात केली. ह्या खेपेला आवाज आला. अगदी बारीक. बाळ अंगावर पिताना घशात येतो तसा. मी दोन मुलांना पाजलंय. तो आवाज मला दुसऱ्या कशाचा वाटणं शक्य नाही.

"ओ मावशी! काय ओतताय तितं?"

पायवाटेवरनं विजेरीचा झोत आला. भिंतीवर पहारा देणारा माणूस होता, मिशाळ, अंगात जर्किन. मुलगा उठून उभा राहिला. मी म्हणाले, "दूध आहे, पावणं. म्हाळाचं."

त्यानं झोत भोकावर टाकला, लोट्यावर टाकला, मग खाली घेतला. "येक बाबा यायचं की, हितंच बसायचं. तुमचं कोन?"

"माझे मालक. गेले ते."

"तरीच." तो थोडा वेळ घुटमळला. "गेल्या वर्साला ह्याच दिसांत आमी लई हैराण झालतो बगा. रोज पाटं भिंतीच्या आतनं मांजराचं पिल्लू रडल्यागत. आत जाऊन गवत तुडवलं, बॅटऱ्या लावल्या, कायबी घावलं न्हाई. ह्या चार दिसांत बी चालू हुतं. आज अजून आईकलं न्हाई."

"काय म्हणाला?" सुनेनं विचारलं.

"मांजराबद्दल बोलतोय," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. तिला खरं कळलं होतं असं मला वाटतं.

त्या दिवशी म्हाळ झाला. अक्का पंगतीला बसल्या, गुरवही आला. पोरगं ताप उतरून डेअरीला जायला लागलंय, असं त्यानंच सांगितलं. भोपळ्याची भाजी, वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं झालं. मुलानं पानं वाढली तेव्हा एक पान जास्त वाढलं आणि त्यावर फक्त वाटीभर दूध ठेवलं. आठवड्यानं दोघं परत गेली.

पुढच्या वर्षीपासून मी एकटीच जाऊ लागले. आधी भिंतीकडं दूध, मग देवळाकडं भात. देवळाला आता मोठा दिवा बसवलाय, पार उसापर्यंत उजेड पडतो. पक्षाचे दिवस गुरव तो पहाटेचा बंद ठेवतो. मी सांगितलेलं नाही. अक्का येतात, पायरीवर बसतात आणि आपल्या लेकाचं नाव घेऊन तिथनंच मुटकं भिरकावतात. गेल्या पक्षात आणखी दोघी-तिघी आल्या. कुणाचं काय गेलंय ते आम्ही एकमेकींना विचारत नाही. अंधारात फिरताना माझा पदर कधी ओढला जात नाही, पण फिरताना मी तो मोकळाच सोडते.

पहारेकरी बदलला. नवा पोरसवदा आहे, त्यानं मला फक्त एकदा हटकलं. मांजराचं त्याला मी विचारलं, तर म्हणाला, "न्हाई बा, हितं कुटलं मांजर."

सुनेला आता दिवस गेलेत. मुलगा म्हणतोय, बाळंतपणाला इकडं ये, तिच्या आईच्यानं आता काही होत नाही. तारीख नेमकी भाद्रपदाच्या शेवटाची येते. मी म्हटलं, पक्ष झाल्यावर निघते. त्यानं फोन सुनेच्या हातात दिला. ती म्हणाली, "आई, तुम्ही नको धावू. तिकडचं दूध आधी."